दारात हजर

दोन हजार पंचवीस साल, आणि मी बहात्तर वर्षांचा. तू माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, सुधाकर. आयुष्यभर आम्हा गाडीवाल्यांना रांग शिकवलीस. कोणाची गाडी आधी लागेल, कोणाची मागून, कोणी किती वेळ थांबायचं. आणि स्वतः मात्र मधूनच घुसून पुढे निघून गेलास. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर तू त्याला सभेत उभं केलं असतंस.

हे मी संघटनेच्या स्मरणिकेसाठी लिहितोय. तुझ्या खुर्चीवर आता प्राची बसते, कल्याणहून दोन मिनीबस चालवणारी. ती म्हणाली, काका, तुम्ही बोला, मी लिहून घेते. मी म्हटलं, माझ्या हाताला काय झालंय? चौथीतनं शाळा सोडली मी, लिहायला वेळ लागतो. पण मला घाई कसली? खरं सांगू, घाई आहे. तू गेल्याला पंधरा दिवस झाले नाहीत आणि माझ्या पोटात आनंद मावत नाहीये. घरात सांगितलं तर बायको म्हणते, लोक काय म्हणतील, असं तोंडावर दाखवू नका. म्हणून तुलाच सांगतो. तसा तो तुझ्यामुळेच झालाय.

जुन्या लोकांना आपलं भांडण पाठ आहे. नवीन गाडीवाल्यांसाठी थोडं सांगतो.

बावीस वर्षांपूर्वी तू ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या टुरिस्ट गाडीवाल्यांना गोळा करायला निघालास. डोंबिवलीत तुझं तिकिटांचं दुकान, दुकान कसलं, एक टेबल, एक फोन आणि भिंतीवर कोकणाचा नकाशा. तिथून उठून तू खाडीकाठच्या आमच्या गावात आलास, सभासदत्वाचा फॉर्म घेऊन. बायकोने चहा ठेवला. मी ओटीवर बसून फॉर्म भरायला लागलो. नाव भरलं, गाव भरलं, गाडीचा नंबर, लायसनचा नंबर. पाचवा रकाना आला, शिक्षण. तिथे माझं पेन थांबलं.

तू बघितलंस. बशीतला चहा फुंकत म्हणालास, लिही रे, चौथी काय नि चौदावी काय, कोण विचारतंय. अरे, कोणी विचारत नाही तर छापलंय कशाला? मी तो कागद चार घड्या करून तुझ्या बशीखाली सारला.

"गाडी चालवायला संघटना कशाला पायजे? ब्रेक काय संघटना मारते?"

तू अजिबात चिडला नाहीस. "ब्रेक तू मार, गोटीशेठ. पण थांबायची जागा तुला कोण देणार?"

मी मोठ्याने हसलो. शेठ मी कधीच नव्हतो, एका गाडीचा मालक होतो. पण तू मला कायम गोटीशेठच म्हणालास आणि मला ते आवडायचं, हे मी तुला कधी कळू दिलं नाही.

सभासद झालो नाही, पण एक सोडली तर सभा एकही चुकवली नाही. मंगल कार्यालयाच्या वरच्या खोलीत तुम्ही सगळे खुर्च्यांवर, आणि मी दारात, एक पाय आत, एक बाहेर. सभासद नाही तो खुर्चीवर बसणार कसा? मत मात्र सगळ्यांत आधी माझं. तू दाराजवळची एक खुर्ची नेहमी रिकामी ठेवायचास. मला दिसायची. मी तिच्यावर माझी पिशवी ठेवायचो.

ठाण्याच्या माजिवड्याचं आठवतं? तेव्हा पुलाखाली जिथे जागा मिळेल तिथे आपण गाडी घुसवायचो. पोलीस शिट्टी मारत यायचा, आपण पुढे सरकायचो आणि माणसं बॅगा, पोरं, पाण्याची कॅन घेऊन हायवेवरून गाडीमागे धावायची. एकदा एक आजोबा माझ्या गाडीमागे चप्पल हातात घेऊन पळाले होते. तू त्यावर तीन वर्षं अर्ज लिहिलेस. फोटो काढलेस, हाताने नकाशे काढलेस. मी दारातून विचारायचो, अर्ज लिहून रस्ता रुंद होतो काय? आणि एक दिवस झाला की रे. पुलाच्या अलीकडे एक पट्टा मिळाला. यादीप्रमाणे गाडी लागणार, दहा मिनिटं थांबणार, हॉर्न नाही. पहिल्या दिवशी तू इस्त्रीचा शर्ट घालून तिथे उभा होतास, मुलीच्या लग्नात उभा राहावा तसा.

मीही तिथेच गाडी लावायला लागलो. सभासदांच्या काचेवर संघटनेचा गोल पिवळा स्टिकर, माझ्या काचेवर नुसती लिंबू-मिरची. यादीत नाव नाही, म्हणून मी रांगेच्या पुढे लावायचो. लोक तुझ्याकडे तक्रार करायचे की हा फुकटात घुसतो. तू म्हणायचास, माणसं तर नीट चढतायत ना, मग जाऊ दे. तेव्हा मला ह्याची लाज वाटली नाही. आज लिहिताना वाटतेय, तर लिहून टाकतो.

आता गणपतीचं. हे लिहायला तर मी बसलोय.

आठ वर्षं झाली. गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी मी भाकरी खात होतो आणि तुझा फोन आला. कोणीतरी कुठूनतरी ऑनलाइन चार गाड्यांची बुकिंग घेतली होती, माणसांना माजिवड्याला बोलावलं होतं आणि फोन बंद करून बसला होता. तुझ्या संघटनेतला नव्हताच तो. चार गाड्यांची माणसं रस्त्यावर आणि उद्या गणपती. हे सगळं तू मला शांतपणे सांगितलंस, आणि मग म्हणालास, "तू सभासद नाहीस, तेव्हा तुला काही सांगायचा मला अधिकार नाही. तीन गाड्या मिळाल्या. चिपळूणची एक कमी पडतेय. बरं, ठेवतो."

आणि ठेवलास की रे फोन. मी भाकरी ताटात टाकली. बायको म्हणाली, कुठे? मी म्हटलं, ह्याला दाखवतो आता. ड्रायव्हर गावी गेलेला, क्लीनर गावी गेलेला, गाडी धुतलेली नाही. दुर्गाडीचा पूल, कोन, रांजनोली नाका, मी एकटा, चौसष्ट वर्षांचा, रिकामी गाडी घेऊन असा सुटलो की तरुणपणी कधी सुटलो नव्हतो.

माजिवड्याला पोचलो तर तू एका लोखंडी ट्रंकेवर उभा. हातात खोक्याचा पुठ्ठा, त्यावर कोळशाने लिहिल्यासारखं "राजापूर". राजापूरवाले इकडे, सावंतवाडीवाले तिकडे, गुहागरवाल्यांनी चिपळूणला उतरायचं, तिथून संघटनेच्या ओळखीची जीप. तुझा शर्ट पाठीला चिकटलेला, आवाज बसलेला. पण गर्दीत आरडाओरडा नाही. पोलीससुद्धा तुझ्या पुठ्ठ्याप्रमाणे माणसं हलवत होता. मला बघून तू हसला नाहीस. नुसतं म्हणालास, चिपळूण, लाव इथे. मी लावली. पहिल्यांदा तू सांगितलंस तिथे लावली.

एक बाई मांडीएवढी मूर्ती लाल कापडात गुंडाळून उभी होती. तिला मी पहिल्या सीटवर बसवलं. क्लीनर नाही म्हटल्यावर तू दारात चढलास. मी म्हटलं, तुला जमेल? तू म्हणालास, त्यात काय, मागे बघायचं आणि सांगायचं. सुधाकर, तुझ्याइतका वाईट क्लीनर मी जन्मात बघितला नाही. गाडी मागे घेताना क्लीनरने काय ओरडायचं असतं? येऊ दे, येऊ दे, बस. आणि तू दारात लटकून म्हणत होतास, "येऊ द्या, येऊ द्या गोटीशेठ, अजून थोडं येऊ द्या, आता कृपया थांबा." ते कृपया संपेपर्यंत माझा मागचा बंपर महापालिकेच्या कुंडीवर बसला. आख्खी गाडी हसली. सकाळपासून रडकुंडीला आलेली माणसं, पण हसली. त्या बाईने मूर्तीवरचं कापड सरकवून देवाला दाखवलं, बघ रे बाबा, कोणाच्या हाती आलोय आपण.

पळस्प्याला गाड्यांची ही रांग. वडखळला रांग, माणगावला रांग. तू माझ्या शेजारी इंजिनावर बसून होतास आणि आपण भांडत होतो. मी म्हणत होतो, बघ, माझी एकट्याची गाडी आली म्हणून ही माणसं चालली. तू म्हणत होतास, तुझी गाडी आली, पण बोलावलं कोणी? मी म्हणत होतो, मी स्वतःहून आलो. तू म्हणालास, हो, स्वतःहून आलास, फोन केल्यावर. मागून एक काका म्हणाले, अहो, भांडा, पण पुढे बघून.

मग कशेडी लागला. आता तिथे बोगदा झालाय, तेव्हा घाटच होता. तू विचारलंस, वळणं किती? मी सांगायला लागलो. सांगायला लागलो म्हणजे थांबेनाच. कुठल्या वळणाला आंब्याचं झाड आहे आणि पावसात तिथे पानं घसरतात, कुठे वरून येणारा ट्रक दिसत नाही म्हणून आधी हॉर्न, कुठे गियर खाली घ्यायचा म्हणजे माणसांना झोपेत कळत नाही. कशेडी झाला, मग कुंभार्ली सांगितला, आंबा सांगितला, वरंधा सांगितला. घाट कुठे सुरू आणि कुठे संपतो त्याच्या पाट्या वाचत वाचतच मी खरा वाचायला शिकलो, तेही सांगितलं. हे मी कधी कोणाला बोललो नव्हतो. तू खिशातली डायरी काढून काहीतरी लिहीत होतास. मला वाटलं, डिझेलचा हिशोब असेल.

परशुरामचा घाट उतरून चिपळूणला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. माणसं उतरताना तुझ्या हातात हात देत होती, माझ्याही. त्या बाईने मूर्तीच्या पायाला हात लावून तोच हात स्टेअरिंगला लावला. गुहागरची जीप उभी होती. कोणीतरी उकडीचे चार मोदक कागदात बांधून दिले, ते आपण गाडीच्या पायरीवर बसून खाल्ले. तुझा आवाज पूर्ण गेला होता. तुला बोलता येत नव्हतं, म्हणून तेवढा वेळ आपण भांडलो नाही. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली ट्रिप, सुधाकर. तुला वाटलं असेल, मी विसरलो.

त्यानंतरच तुझं ते सुरू झालं. कुठे भेटलास की, फॉर्म वाच तरी. दुकानात गेलो, फॉर्म वाच तरी. माझ्या नातवाच्या बारशाला आलास, जेवून हात धुताना, गोटीशेठ, एकदा वाच तरी. आठ वर्षं. आणि दर वेळी मला मिरची लागायची. चौथीवाल्याला वाचायला सांगतोय, मला वाटायचं. रकाना ह्याला माहीत आहे, माझं दुखणं ह्याला माहीत आहे, आणि तरी त्याच्यावरच बोट ठेवतो.

दवाखान्यात तुला भेटायला आलो ते शहाळी घेऊन. तू खूप बारीक झाला होतास. वहिनी बाहेर औषधं आणायला गेल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग तू उशीवरून डोकं उचललंस.

"आता तरी वाच रे एकदा तो फॉर्म."

"मला वाचायला शिकवू नको," मी म्हटलं. शहाळी स्टुलावर ठेवली आणि निघालो. जिना उतरताना तुझा खोकला ऐकू येत होता. मी परत वर आलो नाही. पुढचे एकोणीस दिवस आलो नाही.

तू गेल्याची बातमी संघटनेच्या ग्रुपवर आली. ग्रुप सभासदांचा. सगळे आपापल्या गाड्या सोडून आले, कोणी नाशिकच्या रस्त्यावरून मागे फिरले. मला दुपारी पेट्रोल पंपावर कळलं. हवा भरणाऱ्याने विचारलं, तुम्ही गेला नाही? स्मशानात पोचलो तेव्हा लोक परत निघाले होते. वहिनींनी मला बघितलं आणि पुढे निघाल्या. मी तिथेही दारातच उभा राहिलो. थांबायची जागा कोण देणार, हे तेव्हा मला कळलं. संघटनेत नव्हतो म्हणून मित्राच्या शेवटच्या रांगेतही मला जागा मिळाली नाही. आणि दोष कोणाचा, माझाच.

आता परवाची शोकसभा. मी ठरवलं होतं, जायचं, दारात उभं राहायचं, हात जोडायचे आणि निघायचं.

कुठलीही सभा असो, आधी मागचं इतिवृत्त वाचायचं, हा तुझा नियम. प्राची म्हणाली, भाषणं नको, सुधाकरकाकांच्या अक्षरातली जुनी इतिवृत्तं आहेत, त्यातली थोडी वाचू. तिने बाइंडिंग केलेली वही उघडली. पहिल्या सभेला कोण कोण हजर, नावं वाचली. नावं संपली आणि ती म्हणाली, "दारात हजर, गोटीराम."

लोक हसले, माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, चेष्टेने एकदा लिहिलं असेल. तिने दुसरी सभा काढली. शेवटी, दारात हजर, गोटीराम. तिसरी. दारात हजर, गोटीराम. माजिवड्याचा थांबा मिळाला ती सभा. दारात हजर, गोटीराम, "आणि सर्वात जास्त बोलले". पाचव्या सहाव्या सभेपासून लोक नावं संपायची वाट बघायला लागले आणि शेवटचं सगळे मिळून म्हणायला लागले. शोकसभा होती ती, सुधाकर, आणि आख्खी खोली एका आवाजात माझं नाव घेत होती. मी दाराची चौकट धरली होती.

मग तिने एक पान काढलं आणि थांबली. त्या सभेला लिहिलं होतं, दारात कोणी नाही, गोटीराम अष्टविनायकला. चिपळूणच्या ट्रिपनंतरची पहिली सभा ती. बरोबर, त्या महिन्यात माझी थेऊर-रांजणगावची गाडी होती. बावीस वर्षांत तेवढी एक सभा चुकली माझी. खाली ठराव होता. प्राचीने तो वाचला, पण सावकाश, मला ऐकू यावा असा.

"सभासदत्वाच्या फॉर्ममधला शिक्षणाचा रकाना काढून त्या जागी, चालवलेले घाट, असा रकाना घालावा. सूचक सुधाकर. अनुमोदन सर्वांचे. टीप, हे कोणीही गोटीरामला सांगू नये. तो स्वतः वाचेल."



आठ वर्षं तू मला वाच तरी म्हणालास आणि मला वाटलं, तू मला टोचतोयस. अरे, तू मला खरंच नुसतं वाचायला सांगत होतास.

वहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्या वळून म्हणाल्या, "मी किती वेळा म्हटलं, सांगून टाका त्यांना. हे म्हणायचे, सांगितलं तर म्हणेल मेहरबानी केलीत, आणि जन्मात सही करणार नाही."

हे मात्र खरं. शंभर टक्के खरं. मी केली नसती. माझ्या बायकोपेक्षा तू मला जास्त ओळखत होतास आणि ही गोष्ट दवाखान्यात मी परत जिना चढून आलो असतो तर मला कळली असती. तेवढं एक कायमचं राहिलं. त्याला आता इलाज नाही, ते मी माझ्याजवळ ठेवतो.

पण मी आत गेलो. बावीस वर्षांनी दुसरा पाय आत टाकला. दाराजवळची खुर्ची त्या दिवशीही रिकामी होती, तिच्यावर माझीच पिशवी. पिशवी खाली ठेवली आणि बसलो. पाठ टेकायला बरी आहे खुर्ची. प्राचीला म्हटलं, पोरी, एक फॉर्म दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून ओटीवर बसलो, जिथे तू बसला होतास तिथेच. बायकोने बशीतून चहा दिला. फॉर्म पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला, मोठ्याने. नाव, गाव, गाडीचा नंबर, लायसनचा नंबर. मग घाट लिहायला घेतले. कशेडी, परशुराम, कुंभार्ली, आंबा, वरंधा, फोंडा, करूळ, आंबोली, माळशेज, कसारा. तू तीन ओळी सोडल्या होत्यास. त्या तेवढ्यात संपल्या. मी कागद उलटा करून मागे लिहीत गेलो. बायको विचारत होती, अजून किती, आणि मी म्हटलं, गप, अजून साताऱ्याकडे वळलोच नाही.

फॉर्म प्राचीकडे दिला, स्टिकर घेतला. गाडी हल्ली मुलगा चालवतो, त्याला शेजारी बसवलं आणि स्टेअरिंग मी धरलं. स्टिकर काचेवर जरा वाकडा लागला. माजिवड्याला पुलाच्या अलीकडे चार गाड्या उभ्या होत्या. यादीत माझं नाव सगळ्यांत खाली. मी पाचवी लावली, ब्रेक मारला, हॉर्न न वाजवता दहा मिनिटं थांबलो.